साडेचार मिलिमीटरचा हिशेब: आयरिश गाड्यांची तयार मॉडेलं, पारखून

ओओ मापातलं, म्हणजे खऱ्याच्या साधारण शहात्तराव्या हिश्शाचं, १४१ क्लासचं मॉडेल इंजिन डोळ्यांच्या पातळीवर, बाजूने ठेवून बघा. जेमतेम साडेसतरा सेंटीमीटरचं ठेंगणं डिझेल. दोन टोकांना दोन केबिन, मधे अरुंद बॉनेट, त्याच्या दोन्ही अंगांनी चालायची पट्टी आणि तिला लावलेले केसाएवढे बारीक कठडे. डब्लिनच्या कॉनोली स्टेशनात उभं राहिलेलं खरं इंजिन आणि हे, यांच्यात फरक फक्त आकाराचा आहे असं वाटतं. आता तेच इंजिन फिरवून समोरून बघा. बफरच्या खाली चाकं आत ओढल्यासारखी दिसतात, रुंद खांद्यांच्या माणसाने पाय जुळवून उभं राहावं तशी. आयरिश गाड्यांच्या तयार मॉडेलांबद्दल जे चांगलं-वाईट बोलायचं, ते बरंचसं या दोन कोनांत मावतं.

इथे पारखली आहेत ती दोन आयरिश नावांची मॉडेलं: मर्फी मॉडेल्स आणि आयरिश रेल्वे मॉडेल्स, म्हणजे सगळे जिला आयआरएम म्हणतात ती. निकाल आधीच सांगून टाकतो: घ्या. पूर्वी आयरिश गाडी हवी असेल तर पितळी किंवा रेझिनचा किट जोडावा लागे, नाहीतर ब्रिटिश इंजिनाला नारिंगी-काळा रंग फासून समाधान मानावं लागे. आता इंजिन, डबे, वाघिणी सगळं खोक्यातून काढून थेट रुळावर ठेवता येतं, आणि तेही अशा बारकाव्यांनी की किट जोडणाऱ्या मुरलेल्या हातांनाही हेवा वाटावा. राहिलेला एकच प्रश्न रुळांच्या रुंदीचा आहे. तो नीट समजून घेऊन खरेदी केली तर पस्तावायची वेळ येत नाही.

आयर्लंडच्या मुख्य मार्गांचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६०० मिमी, म्हणजे ५ फूट ३ इंच. ओओचं प्रमाण १:७६.२, खऱ्या एका फुटाला ४ मिमी. या हिशेबाने रुळांमधलं अंतर २१ मिमी यायला हवं. पण तयार मॉडेलं धावतात १६.५ मिमीच्या रुळावर, कारण ओओ आणि एचओचे (ओओहून थोडं लहान, १:८७ चं माप) रूळ, सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) आणि चाकं सगळीकडे त्याच मापात बनतात. साडेचार मिमी कमी. ब्रिटिश गाड्यांनाही ओओत ही तडजोड करावी लागतेच, पण त्यांच्या १४३५ मिमी गेजला १८.८३ मिमी हवेत. तूट साधारण १२ टक्क्यांची. आयरिश गाडीची तूट २१ टक्क्यांहून जास्त भरते. ब्रिटिश मॉडेलात जी खोट नजरेआड होते ती इथे होत नाही, आणि तशी होते असं कुणी सांगत असेल तर त्याने मॉडेल समोरून बघितलेलं नाही.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, तूट मान्य करून मांडणीच तिला सांभाळून घेईल अशी करायची. लेआउट जमिनीपासून १.२ ते १.३ मीटर उंचीवर घ्या, म्हणजे गाडी वरून न दिसता बाजूने दिसते. बघणाऱ्याच्या दिशेने सरळ येणारा लांब रूळ टाळा. गाडी समोरून येतेच असेल तर तो भाग कटिंगमध्ये, पुलाखाली किंवा फलाटाच्या शेडखाली न्या. रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवा आणि फक्त माथा चकचकीत ठेवा. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण कोरे चंदेरी रूळ दोन ठळक रेघांसारखे दिसतात आणि डोळा आपोआप त्यांच्यातलं अंतर मोजायला लागतो. रंगवलेला रूळ खडीत मिसळून जातो. स्लीपरांचंही तसंच. पेको या रूळ बनवणाऱ्या कंपनीच्या नेहमीच्या कोड ७५ आणि कोड १०० रुळांचे स्लीपर एचओच्या अंतराने, जवळजवळ बसवलेले आहेत. त्यांच्या बुलहेड रुळात (वर-खाली दोन्हीकडे गोल माथ्याचा जुना प्रकार) स्लीपरांचं अंतर ४ मिमी प्रमाणाला धरून आहे. सीआयईच्या (आयर्लंडच्या सरकारी वाहतूक कंपनीच्या) काळातली शाखा लाइन करायची असेल तर बुलहेड रूळच घ्या. रुळांचं अंतर तेवढंच असूनही नजरेला तो पुष्कळ रुंद भासतो.

दुसरा मार्ग खऱ्या २१ मिमीचा. कुठल्याही मोठ्या कारखान्याचा तयार २१ मिमी रूळ दुकानात मिळत नाही, त्यामुळे रूळ हाताने घालावा लागतो: तांब्याचा थर असलेल्या पट्ट्यांचे स्लीपर, सुटे रूळ, मापाचे गेज आणि सोल्डरिंग. आयआरएमने ए क्लासच्या इंजिनात चाकं २१ मिमीला बाहेर सरकवायची सोय ठेवली आहे, आणि ही दूरदृष्टी मनापासून दाद देण्यासारखी आहे. ओओच्या चाकांचीच जाडी आणि कड ठेवायची असेल तर गणित सोपं आहे: चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ मिमी असतं, त्यात ४.५ मिळवा, १८.९ मिमी. मात्र चाक आसावर सरकवण्याआधी व्हर्नियरने बोगीच्या (इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या) बाजूच्या फ्रेममधली आतली जागा मोजा. चाकाचा बाहेरचा चेहरा फ्रेमला घासला तर इंजिन वळणावर गुरगुरतं आणि वीज उचलणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या चाकापर्यंत पोचत नाहीत. त्या पट्ट्या बाहेर वाकवून घ्याव्या लागतातच. एक सांधा हाताने बनवून त्यावरून एक वाघीण उलट-सुलट ढकलून बघा. ते जमलं आणि आवडलं, तरच सगळी गाडी २१ वर न्या. अर्धी गाडी १६.५ वर आणि अर्धी २१ वर असलेला लेआउट चालवता येत नाही.

गंमत अशी की आयर्लंडच्या तीन फुटी छोट्या रेल्वेला ही अडचण मुळातच नाही. ३ फूट म्हणजे ४ मिमी प्रमाणात बरोबर १२ मिमी, आणि १२ मिमीचे रूळ टीटी आणि एचओएम या मापांसाठी तयार मिळतात. वेस्ट क्लेअर किंवा काउंटी डोनेगल या छोट्या रेल्वे करणाऱ्याला अचूक गेज आयतं मिळतं. अर्थात त्याची इंजिनं त्याला किटमधून उभी करावी लागतात.

आता इंजिनांकडे. आयर्लंडची डिझेल गाडी म्हटली की जनरल मोटर्सचं नाव येतंच. १२१ क्लासची १५ इंजिनं १९६१ मध्ये आली, १४१ ची ३७ इंजिनं १९६२ मध्ये, १८१ ची १२ इंजिनं १९६६ मध्ये, ०७१ ची १८ इंजिनं १९७६ मध्ये, आणि २०१ क्लासची ३४ इंजिनं १९९४-९५ मध्ये. ही सगळी घराणी मर्फीच्या ओओ यादीत येऊन गेली आहेत. एकाच हाताची निवड असल्यामुळे ती शेजारी-शेजारी उभी केली तरी विजोड दिसत नाहीत. १४१ आणि १८१ ही जोडी पहिल्या खरेदीसाठी सगळ्यात समजूतदार निवड. इंजिन आखूड, त्यामुळे छोट्या लेआउटवर शोभतं. चार आस आणि चारही चालणारे, त्यामुळे ओढही भरपूर. आणि खऱ्या जगात त्यांनी केलं नाही असं काम नाही: शाखेवरच्या तीन डब्यांपासून खडीच्या गाडीपर्यंत.

१२१ मात्र थोडी समज मागतं. या इंजिनाला केबिन एकच. बॉनेट पुढे ठेवून चालवताना चालकाला समोरचं धड दिसत नाही, म्हणून ती इंजिनं टर्नटेबलवर फिरवत असत. पुढे १४१ आणि १८१ सोबत जोडीने चालवायची सोय झाली आणि केबिन बाहेरच्या बाजूंना ठेवून दोन १२१ पाठीला पाठ लावून धावू लागली. म्हणजे जुना काळ करायचा तर लेआउटवर टर्नटेबल हवंच, आणि नंतरचा काळ करायचा तर दोन इंजिनं. एकच १२१ आणून टर्नटेबलशिवाय मागे-पुढे फिरवलं तर मॉडेल कितीही देखणं असलं तरी जाणकाराला ते खटकत राहतं. दोन इंजिनांचा खर्च झेपणार नसेल तर एका १२१ ला एक १४१ जोडा. तीही जोडी खऱ्या रुळांवर सर्रास दिसायची.

२०१ हे सगळ्यात लांब: खरं इंजिन जवळपास २१ मीटर, मॉडेल साडेसत्तावीस सेंटीमीटर. डब्लिन-बेलफास्ट एंटरप्राइझ आणि कॉर्कच्या गाड्यांमुळे ते सगळ्यांनाच हवंसं वाटतं. पण दोन मीटरच्या पाटीवर ते आणू नका. तिथे ते खोलीत घुसलेल्या बसगाडीसारखं दिसतं. ०७१ हा त्यामानाने सुवर्णमध्य. पावणेतेवीस सेंटीमीटर, सहा आस, आणि १९७७ पासून आजच्या मालगाड्यांपर्यंत कुठल्याही काळात चालून जातं. फक्त रंग बघून घ्या. नारिंगी-काळा पट्टा असलेलं सीआयईचं ०७१ आणि २०१३ नंतरचं राखाडी, पिवळ्या तोंडाचं ०७१ हे एकाच इंजिनाचे दोन जन्म आहेत. ते सहसा एकाच फलाटावर उभे राहू शकत नाहीत.

या काळाच्या हिशेबात खरी परीक्षा होते ती आयआरएमच्या ए क्लासमध्ये. मेट्रोपॉलिटन-विकर्सची ही ६० इंजिनं १९५५-५६ ची, आत क्रॉसलीचं १२०० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक यंत्र. ते यंत्र भरवशाचं नव्हतं. म्हणून १९६८ ते १९७१ दरम्यान सगळ्या इंजिनांत जनरल मोटर्सचं ६४५ यंत्र बसवलं आणि नंबराच्या शेवटी ‘आर’ अक्षर लावलं. पुढे नंबरातलं ‘ए’ गेलं आणि ००१ ते ०६० असे आकडे आले. खोक्यावर नुसतं ‘ए क्लास’ लिहिलेलं असलं तरी आत काय आहे हे नंबर आणि रंग सांगतात. चंदेरी किंवा हिरवं ए क्लास म्हणजे क्रॉसलीचा काळ. त्यात ६४५ चा आवाज भरला तर ते सपशेल चूक. नारिंगी ०२३ मध्ये क्रॉसलीचा आवाज तितकाच चुकीचा. आवाजाचं मॉडेल नंतर विकायला काढलेलं असेल तर विकणाऱ्याकडून आवाजाच्या फाइलचं नाव मागून घ्या. डिकोडर (इंजिनाचा वेग, दिवे आणि आवाज सांभाळणारी आतली चिप) बदललेला असू शकतो. कान तयार असेल तर फरक लगेच कळतो. क्रॉसली संथ गतीला फाटक्या, खोकल्यासारख्या ठोक्यांत बोलतं. ६४५ ची धडधड एकसारखी आणि भरीव असते. ०७१ आणि २०१ मध्ये टर्बो आहे, त्यामुळे वेग वाढवताना वरच्या पट्टीतली शीळ ऐकू यायला हवी. १४१ मध्ये टर्बो नाही. तिथे शीळ ऐकू आली तर फाइल दुसऱ्या इंजिनाची आहे.

डब्यांच्या बाबतीत बरेच जण एका जागी हमखास चुकतात. १२१, १४१ आणि १८१ मध्ये गाडी गरम ठेवायला लागणारा वाफेचा बॉयलर नव्हता. सीआयईने त्यासाठी वेगळ्या हीटिंग व्हॅन ठेवल्या होत्या. म्हणजे १४१ च्या मागे चार क्रेव्हन्स डबे लावले की गाडी पूर्ण झाली असं नाही; हीटिंग व्हॅन नसेल तर ती हिवाळ्यात प्रवाशांना कुडकुडत नेणारी गाडी ठरते. १९७२ मध्ये मार्क-२डी डब्यांची सुपरट्रेन आली. त्यात वातानुकूलन होतं आणि वीज पुरवायला जनरेटर व्हॅन होती. तिथे हीटिंग व्हॅनऐवजी जनरेटर व्हॅन हवी. डबे विकत घेताना आधी व्हॅन शोधा, मग डबे. डबे पुन्हा मिळतात. व्हॅन कमी संख्येत निघते आणि सगळ्यांत आधी संपते.

लांबीचा अंदाजही आधीच करून ठेवा. मार्क-२डी चा एक डबा सव्वीस सेंटीमीटरच्या वर. ०७१, जनरेटर व्हॅन आणि पाच डबे म्हणजे १.८ मीटर फक्त गाडी. फलाट त्याहून लांब, आणि दोन्ही टोकांना सांधे. जागा चार मीटरपेक्षा कमी असेल तर १४१, हीटिंग व्हॅन आणि तीन डबे यावर थांबा. आखूड पण खरी गाडी नेहमी जास्त पटते.

वाघिणींमध्ये आयआरएम सगळ्यांच्या पुढे आहे, आणि इथे हात आखडता घेण्यासारखं काहीच नाही. खडीच्या हॉपर वाघिणी, सिमेंटच्या ‘बबल’ वाघिणी, टारा खाणीच्या वाघिणी, बीटाच्या वाघिणी: प्रत्येकीमागे आयर्लंडची एक अख्खी मालवाहतूक उभी आहे. टाराच्या वाघिणी नॅव्हनजवळच्या खाणीतून जस्त आणि शिसं डब्लिन बंदराला नेतात. बीटाची गाडी वेक्सफर्डकडच्या वेलिंग्टनब्रिजवरून मॅलोच्या साखर कारखान्याला जायची आणि २००६ मध्ये ती कायमची थांबली. बीटाची वाघीण हातात घेतली की तिचा जुगाड स्पष्ट दिसतो. जुन्या उघड्या वाघिणींचे पन्हळी पत्र्याचे सांगाडे एकावर एक चढवलेले, वरच्या आणि खालच्या भागातला जोड उघडा, पत्र्याच्या पन्हळी दोन्ही थरांत तंतोतंत जुळत नाहीत. ही विसंगती मॉडेलात जशीच्या तशी उतरवली आहे. कुणी तरी खऱ्या वाघिणीसमोर तासन् तास उभं राहून तिची मापं घेतल्याशिवाय हे होत नाही.

बबल वाघिणी एकेक घेऊ नका. गोल टाकीची एकच वाघीण खेळण्यासारखी दिसते. आठ-दहा एका ओळीत आल्या की डोळे खिळतात. लांब गाडी करताना वजनाकडे बघा. साधारण नियम असा की प्रत्येक आसामागे २५ ग्रॅम. म्हणजे दोन आसांची वाघीण ५० ग्रॅमच्या आसपास हवी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक वाघीण तोलून बघा. हलकी वाघीण गाडीच्या मध्ये आली तर वळणावर ओढ बसून ती आतल्या बाजूला कलंडते, आणि मागे ढकलताना तीच आधी घसरते. कमी पडणारं वजन शिशाच्या पट्टीने भरा आणि ती पट्टी तळाशी, आसांच्या मधोमध चिकटवा. टोकाला चिकटवली तर एक आस हलका राहतो आणि वजन घालूनही घसरणं थांबत नाही.

वळणांबद्दल खोक्यावर जे लिहिलेलं असतं ते किमान असतं. ते चांगलं वळण नसतं. बहुतेक मोठी मॉडेलं दुसऱ्या त्रिज्येच्या, म्हणजे ४३८ मिमीच्या वळणावरून जातात. जातात, एवढंच. मार्क-३ डब्याचं उदाहरण घ्या. खऱ्या डब्याच्या बोगींच्या मध्यांमधलं अंतर १६ मीटर, मॉडेलात २१० मिमी. ४३८ मिमीच्या वळणावर डब्याचा मधला भाग रुळाच्या मध्यरेषेपासून पावणेतेरा मिमी आत येतो. ६१० मिमीच्या वळणावर नऊ मिमी. शेजारच्या रुळावरच्या डब्याचं टोक त्याच वेळी बाहेर झुकलेलं असतं. पेकोच्या स्ट्रीमलाइन मालिकेत दोन समांतर रुळांमधलं अंतर ५०.८ मिमी धरलेलं आहे. ते सरळ रुळावर उत्तम दिसतं, पण तीव्र वळणावर दोन गाड्या एकमेकींना घासतात. वळणावर तेवढ्यापुरतं अंतर ६५ मिमीच्या पुढे न्या, आणि आपल्याकडचे सगळ्यात लांब दोन डबे शेजारी-शेजारी ढकलून बघितल्याशिवाय खिळे ठोकू नका. दिसणाऱ्या भागात ७५० मिमीच्या खालचं वळण नको. सांधे घेताना आखूड सांध्याची त्रिज्या ६१० मिमी, मध्यम ९१४, लांब १५२४. यार्डात आखूड चालतो. मुख्य मार्गावर मात्र मध्यमच्या खाली उतरू नये.

वीजपुरवठ्यात काटकसर करणाऱ्याला सगळ्यात महाग इंजिनही रडवतं. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळी तार द्या. दोन तुकड्यांमधल्या पत्र्याच्या जोडणीवर भरवसा ठेवू नका, कारण रंग आणि खडीचा गोंद तिच्यात शिरला की प्रवाह तुटतो. खाली मुख्य तार १.५ ते २.५ चौरस मिमीची, वर जाणारी तार ०.२ चौरस मिमीची पुरते. डीसीसी (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत) असेल तर लेआउटच्या सगळ्यात दूरच्या कोपऱ्यात रुळावर आडवं नाणं ठेवून बघा: कंट्रोलरने तत्काळ वीज तोडली पाहिजे. तोडली नाही तर तारा बारीक आहेत किंवा एखादी जोडणी सैल आहे, आणि खराखुरा शॉर्ट झाल्यावर इंजिनाच्या बोगीचं प्लास्टिक वितळू शकतं.

डिकोडर बसवताना खोक्यावरचं सॉकेट बघून घ्या. या मोठ्या डिझेलांत २१ पिनांचं सॉकेट सर्रास असतं. त्यातली अकराव्या पिनेची जागा बंद असते, म्हणजे डिकोडर उलटा बसू नये. तो जोर लावून बसवायचा नसतो. बसत नसेल तर उलटा धरलेला आहे. वेगवेगळे दिवे वेगवेगळ्या बटणांवर हवे असतील तर तिसरं आणि चौथं आउटपुट पूर्ण ताकदीचं आहे की नुसत्या सिग्नलपुरतं, हे डिकोडर घेतानाच विचारा. केबिनचा दिवा लागत नाही या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं.

डीसीसीत प्रत्येक इंजिनाला ओळखीचा आकडा, म्हणजे पत्ता, लागतो. पत्ता म्हणून इंजिनाचा नंबर देणं सगळ्यात सोयीचं, पण आयरिश नंबरांत एक फट आहे. छोटा पत्ता १२७ पर्यंतच जातो, आणि काही कंट्रोलर ९९ च्या पुढे लगेच लांब पत्ता धरतात. त्यामुळे ०७१ ते ०८८ सगळी छोट्या पत्त्यात बसतात, १२१ क्लासची निम्मी बसतात आणि निम्मी बसत नाहीत, तर १४१ च्या पुढे सगळ्यांना लांब पत्ता लागतो. हाताने लिहायचा झाला तर १४१ साठी सीव्ही१७ मध्ये (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली आकड्याची सेटिंग) १९२, सीव्ही१८ मध्ये १४१ आणि सीव्ही२९ मध्ये ३८. सीव्ही२९ विसरलात तर बाकी सगळं बरोबर असूनही इंजिन जुन्याच पत्त्याला उत्तर देत राहतं. पाठीला पाठ लावलेल्या दोन १२१ साठी दोघांच्या सीव्ही१९ मध्ये एकच जोडपत्ता लिहा. उलट तोंडाच्या इंजिनाला त्यात १२८ मिळवून. म्हणजे पुढच्याला ५०, मागच्याला १७८. जोडण्याआधी दोन्ही इंजिनं सुटी-सुटी एकाच वेगावर सोडून बघा. एक पुढे पळत असेल तर त्याचा सीव्ही५ कमी करा. वेग न जुळवता जोडली तर एक इंजिन दुसऱ्याला सतत ओढत राहतं आणि मोटरी तापतात.

नवं इंजिन आणलं की आधी गाडी न जोडता अर्ध्या वेगाने अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे चालवा. शक्य तर गोलाकार रुळावर, आणि मध्येच फिरवून उलट्या दिशेनेही. तेल आधीच भरपूर घातलेलं असतं; आणखी घालायची घाई नको. पुढे घालायची वेळ आली तर प्लास्टिकला न खाणारं हलकं तेल, सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब, तोही आसाच्या बेअरिंगवर. जास्तीचं तेल चाकांवाटे रुळांवर पसरतं, त्यावर धूळ बसते, आणि महिन्याभरात इंजिन अडखळायला लागतं. मग लोक डिकोडरला दोष देतात. चाकं साफ करायला स्वयंपाकघरातला टिश्यू आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला करून रुळावर आडवा टाका, इंजिनाची एक बोगी त्यावर आणि दुसरी कोऱ्या रुळावर ठेवून हळू वेग द्या. चाकं जागच्या जागी फिरतात आणि टिश्यूवर काळ्या रेघा उमटतात. रेघा येईनाशा झाल्या की दुसरी बोगी. रुळांना सँडपेपर लावू नये. त्याने पडणाऱ्या चऱ्यांत मळ आणखी घट्ट बसतो.

गाडी फक्त सांध्यांवरच घसरत असेल तर रुळांना शिव्या देण्याआधी चाकांमधलं अंतर मोजा. १४.४ मिमीच्या फार खाली असेल तर चाकाची पाठ सांध्याच्या आतल्या आडरुळावर चढते. फार वर असेल तर दुसऱ्या बाजूचं चाक सांध्याच्या नाकावर आपटतं. वाघिणीचं चाक हाताने आसावर फिरवत-फिरवत हलकेच सरकतं. इंजिनाचं चाक मात्र ओढून काढणाऱ्या साधनानेच हलवा. हाताने जोर लावला तर आसाचं दात असलेलं चाक फुटतं, आणि तो सुटा भाग मिळवायला महिने लागतात.

कपलिंगच्या जागा बहुतेक एनईएम या युरोपीय प्रमाणित मापाच्या आहेत, त्यामुळे खोक्यातली हुकाची कपलिंग काढून केडी कंपनीची १७ ते २० नंबरची बसवता येतात. सगळ्यात आखूड १७ नंबरपासून सुरुवात करा, तीव्र वळणावर बफर अडकले तर १८ घ्या. सगळ्या गाड्यांवर एकच उंची राहील याची खात्री मापकाने करा. अर्धा मिमी खाली लोंबणारं कपलिंग सांध्याच्या मध्ये अडकून अख्खी गाडी उचलतं. एकसंध राहणाऱ्या गाडीत, म्हणजे बबल किंवा टाराच्या रेकमध्ये, फक्त दोन टोकांना केडी लावा आणि मधल्या कपलिंगना हात लावू नका.

खरेदीबद्दल शेवटचं. ही मॉडेलं ठरावीक संख्येत बनतात आणि एखादा रंग-नंबर संपला की पुन्हा त्याच नंबरात येईलच असं नसतं. म्हणून आधी वर्ष ठरवा, मग रंग, मग नंबर. आयर्लंडमध्ये राहून ब्रिटनमधल्या दुकानातून मागवत असाल तर २३ टक्के व्हॅट धरूनच किमतीची तुलना करा. वरवर स्वस्त दिसणारं इंजिन दारात येईपर्यंत महाग पडतं. जुनं इंजिन विकत घेताना तीन फोटो मागा. एक तळाचा, चाकांवर पितळ दिसू लागलंय का ते बघायला. एक दोन्ही टोकांचा, कारण कठडे आणि एअर होसचे बारीक तुकडे सगळ्यांत आधी हरवतात. आणि एक खोक्यातल्या सुट्या भागांच्या पिशवीचा. ती पिशवी न फोडलेली असेल तर इंजिन कपाटातच बसून होतं. तेव्हा त्याचं ग्रीस घट्ट झालेलं असू शकतं, आणि पहिला अर्धा तास ते हळूच चालवावं लागेल.